काठापासून पाण्यापर्यंत

खराडी, १६ फेब्रुवारी २००४

चि. उत्कर्षा हिस,

आशीर्वाद.

तू चहा न पिता गेलीस त्याला आज आठ दिवस झाले. तुझ्या आईने तो दोनदा गरम केला आणि शेवटी शेजारच्या गेनबाला दिला. चहा कोणासाठी केला होता याच्याशी गेनबाला देणंघेणं नसतं.

तुझ्या मनात काय आहे ते मला कळत नाही असं समजू नकोस. तीस वर्षं तलाठी म्हणून चाकरी केली आहे. जबाब देताना माणूस कुठे अडखळतो ते मला लांबूनही दिसतं. त्या रविवारी तुम्ही संस्थेची माणसं देवळापुढच्या फरसबंदीवर आपल्या वाडीचा नकाशा काढायला बसलात. रांगोळीने. बायकांनी ओढा काढला, रस्ते काढले, कोणाचं घर कुठे यावरून थोडं भांडूनही झालं. मग तू निळ्या रांगोळीची वाटी पुढे केलीस आणि म्हणालीस, आता ज्याने त्याने आपापली विहीर दाखवा. तेव्हा सगळी वाडी आपापल्या पायांकडे बघायला लागली.

तीन विहिरी निघाल्या. एक देवळामागची, एक शाळेची आणि एक बजरंगच्या वावरातली, जी दहा वर्षं कोरडी ठाक आहे. वाडीत एक्केचाळीस आहेत हे तुलाही ठाऊक आणि मलाही. पाठीला पत्र्याचा डबा बांधून तू आपल्या विहिरीत पोहायला शिकलीस. तरी तू सगळ्यांसमोर मला विचारलंस, "आबा, आपली विहीर?"

"कुठली विहीर? ती बुजली," मी म्हणालो.

तुझ्या मुठीत निळी रांगोळी होती. ती तू परत वाटीत सोडलीस आणि कागदावर तीन असा आकडा लिहिलास. लोक दाखवतील तेवढंच लिहायचं असा तुमच्या संस्थेचा नियम आहे म्हणे. नियम चांगला आहे. मी पाळायला लावला, एवढंच.

आता लोकांना कोणी सांगितलं, कोणी गप्प बसवलं, हे मला विचारू नकोस. लोकांना डोकं असतं. कसलासा पाण्याचा आराखडा करायचा, त्यात लोकांचा सहभाग हवा, म्हणून शहरातून गाडी भरून माणसं येतात. एरवी गटार तुंबलं तर कोणी येत नाही. पाण्याचं भलं करायला निघालेल्यांच्या पायात इतके कोरे बूट का, असं एखाद्याला वाटलं तर त्याचं चुकलं का? गाव महापालिकेत गेल्यापासून आम्ही बरेच सहभाग बघितले आहेत.

दर रविवारी पाणी मोजा म्हणून तू फीत आणि तक्ता ठेवून गेलीस. फीत खुंटीला टांगली आहे. तुझी आई तिच्यावर मिरच्या वाळवते.

तुझे
आबा


खराडी, ९ जून २००४

चि. उत्कर्षा,

आशीर्वाद. मागच्या पत्राला उत्तर नाही. कसब्यात पत्र पोचायला चार महिने लागत नाहीत, मधे फक्त नदी आणि पीएमटीची बस आहे. म्हणून हे रजिस्टर करून पोचपावतीसह पाठवतो आहे. म्हणजे पत्र मिळालं नाही असं सांगायची सोय राहणार नाही.

आराखड्याचा मसुदा मी कचेरीत जाऊन वाचला. दोन तास उभ्याने वाचला, कारण वाचणाऱ्यांसाठी खुर्ची ठेवायची पद्धत नाही. जिथे विहिरी दाट आहेत तिथे जपणुकीचा पट्टा आखला आहे. त्या पट्ट्यात खोल खणायचं असेल तर आधी चौकशी होणार. बाकीचा भाग मोकळा. आपली वाडी मोकळ्या भागात आहे. तीन विहिरी, त्यातली एक कोरडी, म्हणजे जपायला इथे आहे काय? वाडीतल्या लोकांना आनंद झाला. नोटीस नाही, कर नाही, मोटारीला सील नाही. गेनबाने मला पारावर बसवून सगळ्यांना सांगितलं की तलाठी होते म्हणून वाचलो.

पण मी तो नकाशा दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मनात एक शंका आली, ती लिहितो. आपल्या विहिरीच्या पलीकडची बारा एकर मार्चमध्ये विकली गेली. तिथे संगणकाच्या कंपन्यांसाठी काचेची इमारत होणार असं बोर्डावर लिहिलंय. आराखडा जूनचा, जमीन मार्चची. वाडी मोकळ्या भागात जाणार हे त्या लोकांना तीन महिने आधी कसं कळलं? कागद तुझ्या हातात होता. आणि आमचे जावईबापू पुष्करराव रोज सकाळी कसब्यातून निघून खराडीतल्याच अशा एका इमारतीत कामाला येतात. मी कोणावर आरोप करत नाही. मी तारखा लिहितो आहे.

तू फीत दिली होतीस, तिचं मी काही करत नाही. मला वेळ नाही. विहिरीला पाणी आहे तेवढं आहे. परवाच्या रविवारी काठापासून पाण्यापर्यंत सत्तावीस फूट साडेचार इंच होतं, असं कोणीतरी म्हणालं.

आबा


खराडी, २१ नोव्हेंबर २००५

चि. उत्कर्षा,

मागच्या वर्षीची पोचपावती माझ्याकडे जपून ठेवली आहे. तिच्यावर सही 'वासंती' अशी आहे. तुझ्या सासूबाईंचं अक्षर सुबक आहे. पण पत्र त्यांना लिहिलं नव्हतं. या वेळी पोस्टात बजावलं आहे की जिच्या नावाचं पत्र तिच्याच हातात द्या.

आता मुद्द्याचं. त्या बारा एकरांत ऑगस्टपासून खणायला लागले आहेत. इमारत वर चढायची सोडून खाली उतरते आहे. गाड्या लावायला म्हणे जमिनीखाली तीन मजले. खड्ड्याला पाणी लागलं, तेव्हा त्यांनी सहा पंप लावले. ते रात्रंदिवस चालतात आणि ते चांगलं पाणी ओढ्यात सोडतात. पहिली गेनबाची विहीर गेली. तो सकाळी माझ्या दारात आला. ओट्यावर बसला. मग ओढ्याकडच्या चार गेल्या.

ऐन कार्तिकात आपल्या विहिरीत पाणी बरंच वर असावं. दरवर्षी बारा-तेरा फुटांवर असतं. काल एकतीस होतं.

आम्ही बावीस जणांनी हरकतीचा अर्ज केला. मीच लिहिला. भाषा चांगली होती. कचेरीतल्या साहेबांनी तो शांतपणे वाचला, कपाटातून तुझा नकाशा काढला आणि टेबलावर पसरला. म्हणाले, "अहो रावसाहेब, तुमच्याच लोकांनी काढलेला नकाशा आहे. यात विहिरी नाहीत. मग आटली कोणाची?"

तीस वर्षांत मी लोकांना असे प्रश्न विचारले. समोरच्या खुर्चीत बसून ऐकायची वेळ पहिल्यांदा आली. आम्ही बाहेर पडलो आणि बसस्टॉपपर्यंत कोणी माझ्याशी बोललं नाही.

आणखी एक. गेल्या बुधवारी दुपारच्या सुट्टीत पुष्करराव मोटरसायकलवर आले. हेल्मेट मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. मी त्यांना सरळ विचारलं की त्या काचेच्या इमारतीत तुमची कंपनी येणार का. ते म्हणाले, नाही, आम्ही तर उलट हिंजवडीला चाललो. मग खाली बघून म्हणाले, "आबा, उत्कर्षा तुम्हाला सांगणार नाही, म्हणून मी आलोय. तिच्यावर एन्क्वायरी बसलीय. तिने घरबसल्या खोटा मॅप केला असं म्हणतात. आणखी दोन गावांत तिचं काम होतं, तेही काढून घेतलं."

मी विचारलं, ती त्यांना खरं का सांगत नाही? ते म्हणाले, विचारलं मीही. ती म्हणते, माझ्या वडलांनी सांगितलं ते मी लिहिलं, त्याच्या पलीकडे मी बोलणार नाही.

हे खरं आहे का, ते मला तुझ्याकडून हवं आहे. पुष्करराव भला माणूस वाटला. पण भला वाटणं ही सर्वांत स्वस्त गोष्ट आहे, आणि जाताना त्यांनी खुंटीकडे दोनदा पाहिलं. खुंटीवर फीत नव्हती. मिरच्याही नव्हत्या.

आबा


खराडी, २ जानेवारी २००६

चि. उत्कर्षा,

पोचपावती आली. सही तुझी आहे. तुझ्या दहावीच्या प्रवेशपत्रावरच्या सहीशी ताडून पाहिली, 'र्ष'चा रफार तसाच मागे ओढलेला आहे. तेव्हा तू वाचतेस, आणि उत्तर देत नाहीस. ठीक आहे. मग नीट वाच.

तू कॉलेजात असताना एकदा विचारलं होतंस की मी शिरूरकडच्या गावांची नावं का काढत नाही. तेव्हा मी विषय बदलला. शहाऐंशी साली तिकडे एका गावात माझी नेमणूक होती. विहिरींची मोजणी करायचा हुकूम आला. लोक दाखवेनात. मी घरोघर गेलो. म्हणालो, अहो लिहून द्या, सरकारला नुसती माहिती हवी आहे, माझ्यावर विश्वास ठेवा. त्यांनी ठेवला. भीमराव म्हणून एक होता, त्याने तर स्वतः दोर धरून मला खोली मोजू दिली. पुढच्या वर्षी टंचाई पडली आणि माझ्याच यादीवरून त्याची विहीर टँकरसाठी ताब्यात घेतली. कायद्याने बरोबर होतं, लोकांना प्यायला पाणी हवंच होतं. पण त्याची मोसंबीची बाग उभी वाळली. ताब्याची नोटीस द्यायला मीच गेलो. त्यानंतर दोन वर्षं तो रस्त्यात भेटला की आधीसारखाच रामराम घालायचा. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी आज वेगळा माणूस असतो.

तुमची गाडी येणार हे मला दोन दिवस आधी कळलं होतं. शनिवारी दिवेलागणीला मी एक्केचाळीस घरं फिरलो. प्रत्येक दारात एकच सांगितलं, विहीर कागदावर आली की आपली राहत नाही. तुझी आई म्हणाली की अहो, ती आपली पोर आहे. मी म्हणालो, पोर आपली आहे, कागद कोणाचा आहे?

तुझ्यावर अविश्वास नव्हता असं लिहिणार होतो. ते खोटं झालं असतं. होता. मी तुला वाढवलं, शिकवलं, आणि ज्या दिवशी तू हातात नकाशा घेऊन आलीस त्या दिवशी तू मला परकी दिसलीस. मला मीच दिसलो, शहाऐंशीचा.

आता फितीबद्दल. ती खुंटीला एक दिवसही टांगली नव्हती. तू गेलीस त्याच्या पुढच्या रविवारपासून मी मोजतो आहे. सकाळी सात वाजता, मोटार सुरू व्हायच्या आधी, तू सांगितलंस तसं काठाच्या त्याच दगडावरून. शंभर रविवार होत आले, एकही चुकला नाही. तापात असताना तुझ्या आईने फितीला बांधलेला शिशाचा गोळा विहिरीत सोडला आणि मी दारातून आकडा लिहिला. कोणी खोटं सांगेल म्हणून नाही. मोजलेलं आपल्याजवळ असावं म्हणून. वही गव्हाच्या कोठीत आहे.

आता तूच सांग, पुष्कररावांना तू त्या वहीसाठी पाठवलं होतंस का? तुला संशय आला असणार. साडेचार इंच असं 'कोणीतरी' म्हणत नाही, हे मला पत्र पोस्टात देऊन आल्यावर सुचलं.

दहा तारखेला सुनावणी आहे. वही दाखवली तर विहीर आहे हे सिद्ध होतं, पाणी कधीपासून उतरलं हे सिद्ध होतं, आणि मी सगळ्यांसमोर खोटं बोललो हेही सिद्ध होतं. तेवढंच नाही. वाडीला खोटं बोलायला मी लावलं, हेही. गेली दोन वर्षं ही माणसं मला पारावर जागा करून देतात. न दाखवावी तर पंप चालू राहतील आणि नकाशा खोटा ठरेल. तुझा.

मी ठरवलेलं नाही. ठरवलं आहे असं समजू नकोस.

आबा


खराडी, ११ जानेवारी २००६

उत्कर्षा,

काल सुनावणी झाली. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून ऐक.

खोलीत कंपनीचे वकील होते, वाडीतले वीस-बावीस जण भिंतीला लागून उभे होते. माझं नाव पुकारलं. मी पिशवीतून वही काढून साहेबांपुढे ठेवली आणि म्हणालो की हे माझ्या विहिरीच्या पाण्याचे आकडे. त्यांनी पानं उलटली. मग जुना कागद बघून म्हणाले, इथे तर तुमच्या नावापुढे 'बुजली' असं लिहिलंय.

"ते मी सांगितलं, साहेब. खोटं सांगितलं. आणि वाडीलाही सांगायला लावलं. पोरीने आम्ही बोललो ते लिहिलं, तिचा कागद बरोबर आहे."

कंपनीचे वकील हसले. ते म्हणाले, जो माणूस सरकारी कामात एकदा खोटं बोलल्याचं कबूल करतो, त्याची वही खरी कशावरून? एका बैठकीत लिहिली नसेल कशावरून?

उत्कर्षा, मला राग यायला हवा होता. पण त्यांच्या जागी मी असतो तर हेच विचारलं असतं, अगदी याच शब्दांत. जन्मभर लोकांकडे मी ज्या नजरेने पाहिलं ती नजर काल माझ्याकडे वळली, आणि तिच्यापुढे माणसाला काही सिद्ध करता येत नाही. मी म्हणालो, खरी आहे. एवढंच म्हणता आलं.

मागे हालचाल झाली. मला वाटलं गेनबा निघून चालला. तो पुढे आला, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "सायेब, माझीबी विहीर हाय. मीबी नाय म्हणालो व्हतो. ह्यांचं राहू द्या, माझ्या वावरात येऊन बघा. आता कोरडी हाय, पर हाय." मग ओढ्याकडचा जयसिंग बोलला. मग भिंतीजवळचे एकेक. कोणी माझी बाजू घेतली नाही, कोणी माझ्याकडे पाहिलंही नाही. प्रत्येकाने आपली आपली विहीर सांगितली.

साहेबांनी पंधरा दिवस पंप बंद ठेवायला सांगितलं आहे. तेवढ्यात जागेवर येऊन मोजणी करायची. पुढचं तेव्हा ठरेल. पंधरा दिवस म्हणजे फार नाही, आणि पंप खरंच बंद होतात की नुसता आवाज बंद होतो, ते मी स्वतः जाऊन बघणार आहे. तुझ्याबद्दलचा जबाब मी वेगळ्या कागदावर लिहून सही करून दिला. एक प्रत तुझ्या संस्थेला रजिस्टरने पाठवली, एक यासोबत आहे. शिक्क्याची तारीख तपासून घे.

बसमध्ये गेनबा माझ्या शेजारी बसला नाही. पण तिकीट मात्र त्याने दोघांचं काढलं.

तुझी आई म्हणते संक्रांतीला तिळगूळ घेऊन कसब्यात जाऊ. मी म्हणालो, बोलावल्याशिवाय जायचं नाही. गोड बोला म्हणायचं तोंड आहे कुठे मला?

आबा


खराडी, २३ जानेवारी २००६

चि. उत्कर्षा,

पोचपावती आज दुपारी आली. पोस्टमन म्हणाला, यावर काहीतरी जास्तीचं लिहिलंय, असं चालत नाही. मी म्हणालो, तक्रार असेल तर लेखी द्या.

सहीखाली तू चारच शब्द लिहिले आहेस. 'या रविवारी किती होतं?' आशीर्वाद नाही, नमस्कार नाही. तुझ्या आईने ती पावती माझ्या हातातून घेतली आणि देवापुढे ठेवली. तिथून ती मी परत आणली, कारण उत्तर देताना प्रश्न समोर लागतो.

पंप शुक्रवारी तेराला बंद झाले. मी तीन वेळा जाऊन पाहिलं. पंधरा तारखेच्या रविवारी काठापासून पाण्यापर्यंत अडतीस फूट एक इंच होतं. काल सदतीस फूट अकरा इंच. पाणी दोन इंच वर आलं आहे. ऐन जानेवारीत आपल्या विहिरीचं पाणी कधी वर चढत नाही, हे तुला माहीत आहे. मला वाटलं फीत कुठे अडकली असेल, म्हणून तीनदा मोजलं. गेनबाला बोलावून त्याच्याकडून चौथ्यांदा मोजवलं. तो काठावर वाकला, आकडा म्हणाला आणि निघून गेला. पण आला होता.

सव्वीसला सुट्टी आहे, म्हणून मोजणीची माणसं पुढच्या रविवारी येणार आहेत आणि तोवर पंप बंदच राहणार आहेत. बायका देवळापुढे पुन्हा रांगोळी काढणार आहेत, या वेळी एक्केचाळीस गोल. तुझ्या आईने तिळगुळाचा डबा अजून उघडू दिलेला नाही.

दोन इंच ही फार मोठी गोष्ट नाही. आणि आकडा मी सांगतो आहे, म्हणजे एकदा खोटं बोललेल्या माणसाचा आहे. त्यावर विश्वास ठेवू नकोस. रविवारी सातच्या आत ये आणि स्वतः मोज. फीत खुंटीला टांगली आहे. या वेळी खरोखर.

तुझे
आबा